वाहिआवाची तांबडी माती

हवाई बेटांचे नाव निघाले की निळा समुद्र, नारळीची झाडे आणि पाहुण्यांच्या गळ्यात पडणारे फुलांचे हार एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्या बेटांचा इतिहास लिहिणारेही बहुधा किनाऱ्यावरच रेंगाळतात. १७७८ साली कॅप्टन कुकची गलबते आली, १८९३ साली राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्या मुलखास जोडून घेतली आणि १९५९ साली ती त्या संघराज्याचे पन्नासावे राज्य झाली. हा सारा बंदराच्या काठचा इतिहास झाला. आम्ही वाचकांस होनोलुलू बंदरापासून सुमारे वीस मैल आत, ओआहू बेटाच्या मध्यावरील पठारावर नेऊ इच्छितो. पश्चिमेस वायानाए आणि पूर्वेस कोओलाऊ अशा दोन विझलेल्या ज्वालामुखींच्या रांगा आहेत. त्यांच्या दरम्यान पाचशेपासून बाराशे फूट उंचीवर हे पठार पसरले असून वाहिआवा हे त्यावरील मुख्य गाव आहे. तेथे राजवाडे नाहीत की किल्ले नाहीत. तेथे पाहण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे माती. आणि आमच्या मते त्या बेटांच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासाचा पुष्कळसा उलगडा या मातीवाचून होत नाही.

ही माती प्रथमदर्शनी मोठी भाग्यवान वाटते. तिचा रंग गडद तांबडा, किंचित जांभळटपणाकडे झुकणारा आहे. खणत गेले तर पाच फुटांपर्यंत तो फारसा पालटत नाही. त्याखाली कुजून मऊ झालेला मूळ खडक लागतो. पठारावर कित्येक ठिकाणी शंभर फूट आणि त्याहूनही खोल गेल्यावाचून घट्ट पाषाण हाती येत नाही. मातीत चिकणकणांचे प्रमाण निम्म्याहून किती तरी अधिक असते. तरीही ती चिकटत नाही. लोहाच्या गंजाने तिचे सूक्ष्म कण एकमेकांस असे जखडलेले असतात की त्यांचे बारीक, टणक रवे बनतात आणि पाणी वाळूतून जावे तसे त्या रव्यांमधून खाली निघून जाते. मोठी सर येऊन गेली तरी थोड्याच वेळात तिला वाफसा येतो. पावसाळ्यात काळ्या रानात बैलांचे पाय रुतताना पाहिलेल्या आमच्यासारख्यांस हा चमत्कारच वाटावा.

येथे थोडे आपल्या देशाकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही, कारण हवाईचा पाषाण आणि आपल्या देशावरचा पाषाण हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ खास आहेत. दोन्हीकडे बसाल्टच. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ओआहूचा खडक त्या मानाने अगदी तान्हा, वीस ते चाळीस लाख वर्षांच्या आतबाहेरचा. म्हणजे वृद्ध खडकाची माती झिजलेली आणि तरुण खडकाची माती सकस असावयास हवी. प्रत्यक्षात उलटेच दिसते. सोलापूर-नगरकडच्या कमी पावसाच्या मुलखात चुना आणि मॅग्नेशियम मातीत टिकून राहिले आणि फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती तयार झाली. वाहिआवास वर्षाला चाळीस ते साठ इंच पाऊस पडतो, पठार सपाट आहे, आणि पडलेले पाणी मातीतून सरळ खाली जाते. लाखो वर्षांत त्या पाण्याने चुना नेला, पालाश नेला, सिलिकाचाही मोठा भाग नेला. मागे उरले ते पाण्याला न नेता आलेले: लोह, ॲल्युमिनियम आणि केओलिनाइट नावाची दुबळी चिकणमाती. मातीचे वय तिच्यातून किती पाणी गेले यावरून मोजावे लागते, खडकाच्या जन्मपत्रिकेवरून नव्हे. आपल्याकडेही महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर, जेथे पाऊस धो धो पडतो, त्याच काळ्या पाषाणावर जांभ्याचे तांबडे टोपण बसलेले आहेच. १८०७ साली फ्रान्सिस बुकाननने मलबारातील अशाच दगडास विटेवरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले आणि पुढे तेच नाव जगभरच्या तांबड्या मातींना चिकटले. १९४९ साली केलॉग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाने त्यावरूनच ‘लॅटोसोल’ हा शब्द घडविला, १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या हवाईच्या मृदापाहणीत तो वापरला गेला, आणि १९७५ च्या नव्या वर्गीकरणात त्याची जागा ‘ऑक्सिसोल’ने घेतली. नावे पालटण्याचा हा उद्योग केवळ सरकारी कचेऱ्यांतच चालतो असे नाही!

दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या आम्हा मंडळींस आणखी एक गोष्ट सुचल्यावाचून राहत नाही. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमीनमोजणी बसविली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. त्यांत जमिनीची प्रत मुख्यतः पोत, रंग आणि खोली यांवरून ठरे. खोली पावणेदोन हात भरली आणि माती काळी, बारीक पोताची असली की तिला सोळा आणे. तेथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. आपल्या दख्खनपुरता तो हिशेब बराच व्यवहार्य होता. परंतु त्याच मोजणीदारास वाहिआवास नेऊन उभे केले असते तर? पहारीला दगड लागत नाही, खड्डा कितीही खणावा, पोत एकसारखा. तांबड्या रंगाबद्दल एखादा आणा कापून त्याने उत्तम प्रतीचा शेरा मारला असता. आणि त्या शेऱ्यावर विसंबून पीक घेणारा शेतकरी दोन-तीन हंगामांत बुडाला असता. या मातीत स्फुरद घातले तर लोह आणि ॲल्युमिनियम ते असे आवळून धरतात की पिकाच्या वाट्यास फारच थोडे येते. पालाश धरून ठेवण्याची शक्ती बेताचीच. खोली आहे, रंग आहे, वाफसा आहे, पोषण नाही.

ही गोष्ट मूळच्या हवाई शेतकऱ्यास ठाऊक होती. त्याच्यापाशी ना लेखणी होती ना प्रयोगशाळा, पण त्याच्या शेतांच्या बांधांनी ती लिहून ठेवलेली आहे. काउआई आणि ओआहू या जुन्या बेटांवर त्याची मुख्य शेती खोऱ्यांच्या तळाशी, ओढ्याच्या पाटाच्या पाण्यावर भरणाऱ्या अळूच्या खाचरांत होती. अळू, म्हणजे त्यांचे ‘कालो’, हे त्यांचे मुख्य अन्न; त्याचे कंद शिजवून, वाटून ते खात. डोंगराची झीज होऊन नवी माती आणि नवे क्षार पाण्याबरोबर खोऱ्यात येत, म्हणून खाचर कसदार राहत असे. नुसत्या पावसाच्या पाण्यावरची मोठी, बांधबंदिस्त शेती मात्र नव्या बेटांवर, माउई आणि हवाई या बेटांवर उभी राहिली. हवाई बेटावरील कोहाला डोंगराच्या उतारावर अशा शेतांचा सुमारे साठ चौरस किलोमीटरांचा पट्टा अद्याप ओळखू येतो. दगडी बांध, त्यांना छेदणाऱ्या पायवाटा, मध्ये रताळ्याची आणि कोरडवाहू अळूची शेते. हा पट्टा खाली जेथे संपतो तेथे पाऊस अपुरा पडतो. वर जेथे संपतो तेथे पाऊस भरपूर आहे, पण माती धुपून निःसत्त्व झालेली आहे. व्हिटॉसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मातीचे नमुने तपासून २००४ साली हे दाखवून दिले. सुपीकतेची जी रेषा त्यांना रसायनांच्या साह्याने काढावी लागली, ती कोहालाच्या शेतकऱ्यांनी कैक पिढ्यांपूर्वी रताळ्याच्या वेलावरून काढलेली होती.

याच मंडळींपैकी चॅडविक, व्हिटॉसेक आदींचा १९९९ चा शोधही येथे सांगण्याजोगा आहे. काउआईची माती चाळीस लाख वर्षे धुतली गेली आहे. खडकातले स्फुरद तिच्यात जवळजवळ उरलेले नाही. मग तेथील अरण्ये हिरवी कशी? तर आशियाच्या वाळवंटांतून वाऱ्यावर हजारो मैल उडत येणारी धूळ त्या अरण्यांस स्फुरदाचा घास भरवीत असते. हवाईच्या बसाल्टमध्ये गारेचा खडा नसतो, तरी मातीत गारेचे सूक्ष्म कण सापडतात, तेही याच धुळीतले. बेटांवरच्या माणसांप्रमाणे तिथल्या मातीचाही एक अंश समुद्रापलीकडून आलेला आहे.

वाहिआवाचे पठार म्हणून ओसाड होते असे मात्र कोणी समजू नये. तेथेच कूकानिलोकोच्या शिळा आहेत. थोर घराण्यांतील सरदारांच्या स्त्रिया प्रसूतीसाठी तेथे येत आणि तेथे जन्मलेल्या मुलाचे कूळ निर्विवाद मानले जाई. तांबड्या मातीसही मान होता. ‘आलाएआ’ नावाचा गेरू औषधात, रंगात आणि मिठात घालीत. काउआईवर असे तांबूस मीठ अद्याप तयार होते. पठारावर नित्याची शेती दाट नव्हती एवढेच. आणि हे ‘एवढेच’ पुढे फार महाग पडले.

१८४८ साली राजा तिसरा कामेहामेहा याच्या कारकीर्दीत जमिनींची मोठी वाटणी झाली. त्यापूर्वी खासगी मालकी अशी नव्हती. राजा, सरदार आणि रयत या सर्वांचा एकाच भूमीत कमीअधिक हक्क असे. वाटणीत राजा, सरकार व सरदार यांचे हिस्से पडले. १८५० च्या कायद्याने रयतेसही हक्क सांगण्याची मुभा मिळाली, परंतु तो हक्क जी जमीन ती प्रत्यक्ष कसत होती तिच्यापुरता. तोही रीतसर अर्ज, साक्षी आणि मोजणी यांतून पार पडल्यावर. परिणाम असा की रयतेच्या पदरी सुमारे अठ्ठावीस हजार एकर पडले, म्हणजे साऱ्या भूमीच्या एक टक्क्याहूनही कमी. आणि त्यांत प्रामुख्याने खोऱ्यातली खाचरे होती. जी जमीन दुबळी म्हणून पूर्वजांनी शहाणपणाने नांगरली नव्हती, जिच्यावर ते लाकूडफाटा, पिसे आणि औषधे यांसाठी जात येत असत, तिच्यावर कागदोपत्री त्यांची वहिवाट सिद्ध होईना. वहिवाटीचा पुरावा म्हणजे नांगराचा तास, हा नियम नदीकाठी न्यायाचा असेल. तांबड्या माळावर तो अन्यायाचा ठरला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी जंगलखात्याच्या किंवा महसुलाच्या फायलींत असल्याच तऱ्हेची प्रकरणे पाहिली असतील. अधिक लिहिण्याचे कारण नाही.

मालकी अशी वर सरकली तेव्हा माथ्यावरची झाडे आधीच विरळ होत चालली होती. शतकाच्या आरंभी चंदनाचा व्यापार तेजीत आला. सरदारांनी व्यापाऱ्यांचे कर्ज फेडण्यासाठी रयतेस डोंगरात धाडले आणि १८३० च्या सुमारास चंदन संपत आले. कुकने शेळ्या आणल्या होत्या, व्हँकूव्हरने १७९३ मध्ये गुरे आणली. गुरांना मारू नये अशी राजाज्ञा झाली आणि ती रानभर झाली. तांबडी माती झाडांच्या सावलीत असते तोवर निर्धास्त असते. उघडी पडली की उतारावर तिचे ओघळ सुटतात आणि सपाटीवर वारा तिला उडवून नेतो. याचे सर्वांत दारुण उदाहरण काहोओलावे हे छोटे बेट. शेळ्यामेंढ्यांनी ते बोडके केले, १९४१ पासून १९९० पर्यंत अमेरिकन सैन्याने त्याचा तोफा व बाँब यांच्या सरावासाठी उपयोग केला, आणि त्याच्या माथ्यावरची माती मोठ्या क्षेत्रावर खालच्या टणक थरापर्यंत नाहीशी झाली.

वाहिआवास पुढची मंडळी आली ती कॅलिफोर्नियातून. राणीला पदच्युत करणाऱ्यांच्या प्रजासत्ताकाने १८९५ साली जमिनीचा नवा कायदा केला. त्याचा आधार घेऊन १८९८ च्या सुमारास बायरन क्लार्क नावाच्या गृहस्थाच्या पुढाकाराने काही कुटुंबे येथे वसाहत करून राहिली. त्यांनी नाना पिके लावून पाहिली. टिकले ते अननस. १८९९ साली जेम्स डोल हा हार्वर्डचा पदवीधर तरुण होनोलुलूस उतरला. प्रजासत्ताकाचे अध्यक्ष सॅनफोर्ड डोल हे त्याच्या नात्यातले. त्याने वाहिआवास साठएक एकर जमीन घेतली आणि १९०१ साली कंपनी काढली. १९०३ साली त्याच्या कारखान्यातून अननसाच्या डब्यांच्या १,८९३ पेट्या बाहेर पडल्या. १९०६ मध्ये आगगाडी वाहिआवापर्यंत पोचली, लगोलग कारखाना होनोलुलूस हलला. आणि हेन्री जिनाका याने १९११ ते १९१३ या काळात असे यंत्र सिद्ध केले की मिनिटाला शंभराच्या आसपास अननस सोलून, मधला दांडा काढून पुढे जात. १९२२ साली कंपनीने अकरा लाख डॉलरांस लानाई हे जवळजवळ सबंध बेट विकत घेतले.

अननस येथे टिकला यात मातीच्या कृपेपेक्षा अननसाचा काटकपणा अधिक आहे. आंबट, निःसत्त्व माती त्यास चालते. तो कर्बवायू रात्री आत घेतो, दिवसा पानांची छिद्रे मिटून ओल राखतो, आणि पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यातूनही अन्न शोषतो. तरीसुद्धा मातीने त्याचीही परीक्षा पाहिली. वाहिआवाच्या काही शेतांत रोपे पिवळी पडून खुरटू लागली. १९०९ च्या सुमारास हवाईच्या कृषिप्रयोगशाळेतील केली यांनी दाखविले की जेथे मातीत मँगनीज फार, तेथेच हा रोग. मँगनीजमुळे पिकाला लोह घेता येईना. म्हणजे पाहा, जी माती लोहामुळेच तांबडी, जिच्यात लोखंडाच्या गंजाखेरीज दुसरे फारसे नाही, तिच्यात उभे असलेले झाड लोहावाचून उपाशी मरत होते! १९१६ साली त्याच प्रयोगशाळेतील मॅक्सवेल जॉन्सन यांनी उपाय सांगितला, तो मोठा साधा होता. आपल्याकडे रंगारी आणि शाई करणारे जो हिराकस वापरीत, तोच पाण्यात विरघळवून पानांवर फवारावयाचा. काही आठवड्यांत पाने हिरवी होत. तेव्हापासून या पठारावर माती ही रोप उभे करण्याची जागा झाली आणि अन्न वरून देण्याची रीत पडली. हिराकस झाला, मग नत्र, मग इतर क्षार. मळ्यांत राबणारे चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर अंगभर जाड कपडे, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मे चढवून त्या काटेरी रांगांतून फिरत. कपड्यांत बसलेला तांबडा डाग धुण्याने जात नसे.

एकच पीक एकाच जमिनीत वर्षानुवर्षे घेतले की मुळांना सूत्रकृमी लागतात. १९४३ साली अननस संशोधन संस्थेतील वॉल्टर कार्टर यांनी जमिनीत वायूरूपाने पसरणारे एक औषध शोधून काढले. पीक जोमाने आले. पुढे त्याच जातीची अधिक तीव्र औषधे, डीबीसीपी आणि ईडीबी ही आद्याक्षरांची जोडगोळी, लागणीपूर्वी मातीत सोडण्याची वहिवाट पडली. औषध मातीतच विरून जाते, शेकडो फूट खालच्या पाण्यापर्यंत पोचत नाही, असा समज होता. ही माती चिकण आहे आणि चिकणमातीतून काही झिरपत नाही, हा पुस्तकी नियम त्या समजाच्या मुळाशी असावा असे आम्हांस वाटते. वर जो रवाळपणा वर्णिला, ज्यामुळे पावसानंतर लगेच वाफसा येतो, त्याचा दुसरा अर्थ त्या वेळी कोणी लक्षात घेतलेला दिसत नाही. विष धरून ठेवण्याची शक्ती त्या मातीत बेताची होती. वाटा मात्र मोकळ्या होत्या.

१९७७ साली पठाराच्या दक्षिणेकडील कुनिया गावाजवळ, मळ्याच्या एका विहिरीच्या अगदी सान्निध्यात, ईडीबीचे सुमारे पाचशे गॅलन द्रव्य सांडले. त्या विहिरीचे पाणी जमिनीखाली आठशे फुटांहून अधिक खोल. १९८० मध्ये पाण्याची तपासणी झाली तेव्हा दोन्ही औषधे त्यात सापडली. तोवर मळ्याची वस्ती तेच पाणी पीत होती. शोध वाढविला तेव्हा कळले की प्रश्न एका सांडण्यापुरता नव्हता. शेतांत रीतसर, हिशेबाने घातलेले औषधही खाली उतरलेले होते. १९८३ साली मिलिलानी आणि वायपाहू येथील सार्वजनिक विहिरी बंद कराव्या लागल्या. अमेरिकेत इतरत्र १९७९ साली डीबीसीपीचा वापर थांबविण्यात आला असता हवाईच्या अननसास मात्र १९८५ पर्यंत सवलत होती. ज्या बेटाचे बहुतेक पिण्याचे पाणी याच जमिनीखालून येते त्या बेटास ही सवलत मिळावी, यातील अर्थशास्त्र आम्हांस समजते. पण ते गळी उतरत नाही.

यानंतर मळ्यांचा काळ फार उरला नाही. अननस स्वस्त मजुरीच्या देशांकडे गेला. लानाईवरची लागवड १९९२ मध्ये संपली, ओआहूच्या उत्तर टोकाचा वायालुआ साखर कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि हवाईतील शेवटचा ऊस २०१६ च्या अखेरीस माउई बेटावर तोडला गेला. वाहिआवाच्या आसपास अजून अननस दिसतो, पण जुन्या विस्ताराचा तो एक तुकडा आहे. काही मळ्यांवर घरे उठली. मिलिलानी हे शहरच १९६८ पासून अननसाच्या रानावर वसत गेले. काही जमिनींवर पुरुषभर उंचीचे गवत माजले.

२०१२ साली वाहिआवाजवळचे सुमारे सतराशे एकर एका मोठ्या इस्टेटीकडून सार्वजनिक मालकीत आले. त्यातील पाचशेवर एकर, कूकानिलोकोच्या शिळांभोवतीचे, मूळ हवाई जनतेच्या हितासाठी असलेल्या कार्यालयाकडे गेले. उरलेले राज्य सरकारच्या शेतीविषयक महामंडळाने लहान शेतकऱ्यांसाठी राखले. जमिनीस चुना द्यावा लागतो, स्फुरद ओतावे लागते, हिरवळीचे खत गाडावे लागते. एका हंगामाचे हे काम नाही. मिलिलानीच्या विहिरी पुन्हा सुरू झाल्या आहेत. त्यांच्या तोंडाशी दगडी कोळशासारख्या काळ्या, दाणेदार कर्बाने भरलेली मोठमोठी लोखंडी पिंपे बसविली असून उपसलेले पाणी त्यांतून गाळूनच नळांस सोडतात. चाळीस वर्षांपूर्वी मातीत सोडलेले औषध अद्याप खाली येत आहे, म्हणून तो कर्ब ठराविक मुदतीने बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च पाणीपट्टी भरणाऱ्यांच्या वाट्यास येतो.